नाचणीचा डबा

मित्रांनो, दिंडोशीच्या एका चौथ्या मजल्यावरच्या स्वयंपाकघरात, ओट्याखाली डाव्या कोपऱ्यात जो पोचा पडलेला डबा दिसतो, तो मी. मी जुना आहे आणि स्वभावाने जरा घाबरट आहे. माझ्या पोटात जे ठेवतात ते माणसांच्या पोटात जातं, त्यामुळे घाबरणं हे माझं कामच आहे असं समजा.

जन्माने मी पंधरा किलो तेलाचा डबा. तेल संपल्यावर लालबागच्या गुणाजी पत्रेवाल्याने माझं तोंड कापलं, कडा मुडपल्या आणि डाख देऊन बिजागरीचं झाकण बसवलं. घरधनी धोंडू तेव्हा कापडगिरणीत कामाला होता आणि त्याची बायको सुगंधा नुकतीच लग्न होऊन मालवणहून आली होती. तिने पहिल्यांदा माझ्यात तांदूळ ओतले, तेव्हा हळदकुंकवाची बोटं माझ्या पोटावर उमटवली. पुढे कित्येक वर्षं त्या घराचा भात माझ्यातून निघाला. गावाहून पाहुणे आले की सुगंधा म्हणायची, "आमच्या डब्यात कधी किडो दिसाचो नाय." हे कौतुक ऐकून माझा पत्रा जरा ताठ व्हायचा.

त्या कौतुकाचं गुपित बोरिक पावडर हे होतं. कॅरमच्या बोर्डावर टाकतात तीच. सुगंधा ती तांदळाला चोळून ठेवायची आणि पोटात गेली तर विषच, म्हणून शिजवताना तांदूळ तीन पाण्यांनी धुवायची. घराला ती सवय इतकी अंगवळणी पडली होती की त्याबद्दल कुणी बोलतही नसे.

दिंडोशीला येताना टेम्पोतून पडलो आणि माझा एक कोपरा चेपला. तेव्हापासून झाकण अडतं. डाव्या बाजूला तळव्याचा एक ठोसा दिल्याशिवाय ते उघडत नाही, आणि तो ठोसा फक्त सुगंधाला जमतो. सून श्वेता अंधेरीच्या कचेरीत जाते. तिने मला दोन-तीनदा उघडायचा प्रयत्न केला आणि नाद सोडला.

मग या वर्षी धोंडूचे रिपोर्ट आले. साखर वाढलेली, आणि मूत्रपिंडंही थकलेली. डॉक्टर म्हणाले, आता जपायला हवं. त्या दिवसापासून श्वेताच्या डोळ्याला डोळा लागत नाही. तिने फ्रिजवर यादी चिकटवली: नाचणी, ज्वारी, मूग, कुळीथ, जवस. साखरेची बरणी वरच्या फळीवर गेली, मैदा घराबाहेर गेला आणि पांढरे तांदूळ शेजारच्या रुक्मिणीबाईंकडे. काचेच्या बरण्याही मागवल्या. "त्या आल्या की हा डबा भंगारात देऊ," असं ती नवऱ्याला, हर्षदला म्हणाली. मी ऐकलं. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू.

बरण्या यायच्या होत्या, म्हणून पाच किलो नाचणी तोवर माझ्यात आली. "रविवारी भिजवते, मोड आणते आणि मग दळते," श्वेता म्हणाली. सुगंधाने ते ऐकलं. भिजवणार म्हणजे धुणारच, असा तिने हिशेब केला. सून कामावर गेल्यावर तिने मुकाट्याने पावडरीची पुडी सोडली आणि नाचणीला मायेने चोळली. कुणाला सांगितलं नाही. चांगलं काम सांगायचं कशाला, असा तिचा स्वभाव.

रविवारी श्वेताला कचेरीत बोलावलं आणि मोड राहून गेले. बुधवारी तिने रजा घेतली. सुगंधा भाजी आणायला खाली गेली होती. श्वेता म्हणाली, "बाबा, मोड परत कधीतरी. आज अशीच दळून आणा. दुकानातून साफ करूनच आलीय."

मित्रांनो, मला त्या क्षणी तोंड असतं तर! मी एवढंच करू शकलो की झाकण आवळून धरलं. श्वेताने ओढलं, पुन्हा ओढलं, मग सुरीचं टोक घातलं. मी हरलो. तिने नाचणी पिशवीत ओतली आणि पुटपुटली, "किती धूळ आहे ही, दुकानदाराला सांगायला हवं." ती धूळ नव्हती. धोंडू पिशवी घेऊन निघाला, आणि त्याचा मोबाइल चार्जरलाच राहिला.

सुगंधा परतली. ओट्याखाली वाकली आणि उघडं झाकण पाहून थबकली.

"नाचणी खंय गेली गो?"

"बाबा दळायला घेऊन गेले."

"न धुता?" तिच्या हातातली माठाची जुडी खाली पडली. "मी बोरिक पावडर चोळलंय त्येका. तू भिजवतलंस म्हणान."

श्वेता तशीच पायांत चपला न घालता जिना उतरली. सुगंधा माझ्याशेजारी जमिनीवर बसली आणि माझी कड घट्ट धरून राहिली.  दळून झालं असेल का? पीठ कालवून भाकरी झाली असती तर कुणाला कळलं असतं?

बऱ्याच वेळाने दार वाजलं. श्वेता धापा टाकत होती, मागे धोंडू. पिशवी भरलेली होती. "चक्कीवर दोघे रांगेत पुढे होते म्हणून वाचलो," ती म्हणाली आणि तिला रडू फुटलं. "आई, मी तुम्हाला विचारायला हवं होतं."

"मी तरी सांगितलंय खंय?" सुगंधा म्हणाली.

"चांगली धुतली तर चालेल का?" श्वेताने विचारलं.

दाणा सांडला तर वेचून घेणाऱ्या सुगंधाने पिशवी उचलली. "ह्यांच्या जिवापेक्षा नाचणी मोठी नाय," म्हणाली, आणि सगळी काळ्या पिशवीत बांधून स्वतः खाली टाकून आली.

आता नवी नाचणी माझ्यातच आहे. सोबत आरे कॉलनीच्या रस्त्यावरून आणलेला, सावलीत वाळवलेला कडुलिंबाचा पाला. काचेच्या बरण्यांत डाळी गेल्या; मला भंगारात द्यायचं कुणी पुन्हा बोललं नाही. माझ्या पोटावर श्वेताने कागद चिकटवला आहे: 'न विचारता काही घालू नये, काही काढू नये.' सुगंधा तो रोज पुसते.

मित्रांनो, घरात चांगलं धान्य भरा, जरूर भरा. पण भरणाऱ्या हाताने रांधणाऱ्या हाताला सांगावं, आणि रांधणाऱ्याने भरणाऱ्याला विचारावं, एवढं माझं मागणं आहे. माझी भीती अजून गेलेली नाही. डाव्या बाजूला ठोसा बसला की मी आधी कान देतो. "आई, ही दळायला देऊ ना?" एवढं ऐकू आलं, की मगच मी झाकण सोडतो.