चोरफसवी पेटी

सत्त्याण्णवच्या पावसाळ्यात गंगापूर रोडच्या एका सोसायटीत दोन घरफोड्या झाल्या आणि तिथल्या खंडेरावांच्या अंगात आलं.

खंडेरावांनी सातपूरच्या एका कारखान्यात एकतीस वर्षं विजेची बटणं तपासली होती. बटण दाबायचं, दिवा लागला की कागदावर खूण करायची, पुढचं बटण घ्यायचं. निवृत्त झाल्यावर घरात तपासायला एकट्या सौभाग्यवती गोजराबाई उरल्या, आणि त्यांच्यावर खूण करायची कोणाची छाती नव्हती. त्यामुळे घरफोडीची बातमी आली तेव्हा खंडेरावांना वाईट वाटलं असं म्हणणं जरा धाडसाचं होईल. माणसाचा चेहरा उजळला होता.

"चोर कुठं शिरतो?" ते जेवताना म्हणाले. "जिथं बाहेरून कुलूप दिसतं तिथं. कुलूप म्हणजे चोराला आग्रहाचं आमंत्रण."

"मग काय दार उघडं टाकून जायचं?" गोजराबाई म्हणाल्या.

"घरात माणूस आहे असं वाटायला पाहिजे."

"तुम्ही असताना तरी कुठं वाटतं?" गोजराबाईंनी आमटी वाढली.

पण खंडेराव पेटले होते. त्यांनी दाराचा कडीकोयंडा काढून आतलं लॅच बसवलं, म्हणजे घर बंद आहे की माणसं आत आहेत, हे बाहेरून कळायला नको. भंगारबाजारातून तांब्याच्या पट्ट्या आणि स्क्रू आणले. जुन्या गजराच्या घड्याळाची काच काढली, तबकडीवर हव्या त्या वेळांना स्क्रू बसवले, तासकाट्याला तांब्याची पट्टी चिकटवली. काटा फिरत फिरत स्क्रूला टेकला की टक् आवाज व्हायचा आणि दिवा लागायचा. पुढच्या स्क्रूला पंखा, त्याच्या पुढच्याला टेपरेकॉर्डर. सगळा संसार एका प्लायवूडच्या पेटीत बसवला आणि पेटी टीव्हीमागे, खिडकीच्या पडद्याआड एका स्टुलावर दडवली. तासकाटा दिवसातून दोनदा फिरतो, त्यामुळे दिवा संध्याकाळी सहाला लागायचा तसा सकाळी सहालाही लागायचा. गोजराबाईंनी ही खोट काढली तर खंडेराव म्हणाले, "चोराला सकाळी फसायला काय होतं?"

टेपरेकॉर्डर ही खरी करामत. एका कॅसेटवर खंडेरावांनी स्वतःचा आवाज भरला. आधी दणदणीत खोकला. मग, "कोण आहे?" मग चोराला घाबरायला पुरेसा वेळ. मग, "आत्ता जमायचं नाही. जा, जा!" आणि शेवटी, घर भरलेलं वाटावं म्हणून, "अगं, चहा टाक!" थोड्या थोड्या वेळानं हेच, अर्धा तास. भरताना गोजराबाईंना मागे भांडी आपटायला बसवलं होतं. ते काम मात्र त्यांनी मन लावून केलं.

"शेजारी सांगून ठेवा हो," त्या म्हणाल्या.

"छे! एकाला सांगितलं की गावाला कळतं, आणि गावात चोर पण आला."

आता खंडेरावांच्या बहिणीबद्दल सांगायला हवं, कारण या पेटीनं घात केला तो तिचाच.

चतुराबाई, म्हणजे आक्का, त्यांच्यापेक्षा पाच वर्षांनी मोठी. निफाडला दिलेली, द्राक्षबागेत आयुष्य काढलेली. आईच्या मागे हिनंच खंडेरावांना न्हाऊमाखू घातलं होतं. आणि गेली सात वर्षं बहीणभावांत बोलणं नव्हतं. कारण ऐकलं तर हसू येईल. आक्काच्या मुलीच्या, योगिनीच्या लग्नात साडेबाराचा मुहूर्त होता. वरात नाचत नाचत आली, मंगलाष्टकं रखडली. खंडेराव मामा म्हणून नवरीच्या मागे उभे होते, आणि हातात घड्याळ होतं, त्याच सकाळी आकाशवाणीच्या ठोक्याला लावलेलं. अक्षता टाकायच्या ऐन वेळी या गृहस्थानं भटजींच्या हातातला माईक घेतला आणि हजार माणसांना सांगितलं, "मंडळी, मुहूर्त टळून सात मिनिटं झालेली आहेत. नोंद घ्यावी."

मंडळींनी घेतली. नवरदेवाच्या आजीनं तिथंच गळा काढला, व्याही मांडव सोडून निघाले, आणि आक्कानं व्याह्यांच्या पाया पडून सगळं निस्तरलं. योगिनीचा संसार पुढे झकास चालला, दोन मुलं झाली. आक्काचं एवढंच म्हणणं होतं की खंडूनं एकदा 'चुकलं' म्हणावं. खंडेराव म्हणायचे, "घड्याळ बरोबर होतं. मग चुकलं काय?" घड्याळ बरोबरच होतं, तीच तर पंचाईत होती. त्या वर्षापासून आक्का भाऊबीजेला आली नाही, आणि हे पाटावर बसण्याऐवजी गोजराबाईंना घेऊन कळवणला मेव्हण्याकडे जाऊ लागले. दर वर्षी एसटीत खिडकीशी बसून दिंडोरीपर्यंत ते एक अक्षर बोलत नसत. गोजराबाईंना कारण माहीत होतं, म्हणून त्याही बोलत नसत.

त्या वर्षीही भाऊबीजेच्या सकाळी ते कळवणला गेले. पेटी पहिल्यांदाच एकटी घर सांभाळणार होती. दोन दिवसांनी दुपारी परतले तेव्हा खंडेरावांनी आधी खिडक्या तपासल्या, मग कपाट, मग टीव्हीमागची पेटी. घरातला चमचासुद्धा हलला नव्हता. ते अंगणात येऊन हात पाठीमागे बांधून उभे राहिले. शाबासकी द्यायला कोणीतरी हवं होतं. शेजारच्या वत्सलाबाई तुळशीला पाणी घालत होत्या. यांना पाहताच त्यांनी पाठ फिरवली.

"काय वत्सलाबाई, दिवाळी कशी झाली?"

"आमची बरी झाली," वत्सलाबाई तुळशीला म्हणाल्या. "आम्ही दारात आलेल्या माणसाला घरात घेतो."

खंडेरावांना काही उमगेना. गोजराबाई बाहेर आल्या. मग वत्सलाबाईंना राहवेना. भाऊबीजेला संध्याकाळी एक म्हातारी बाई रिक्षातून उतरली. निफाडची, तुमची बहीण म्हणाली. हातात पितळी ताट, फडक्यात बांधलेलं. तिनं दार वाजवलं. घरात अंधार होता, म्हणून पायरीवर टेकली. तेवढ्यात आत दिवा लागला. ती उठली, पदर सारखा केला, पुन्हा दार वाजवलं. कोणी येईना. हाका मारल्या. मग पंखा सुरू झाला. अर्धा तास ती दाराला तोंड करून उभी होती.

"आणि मग तुम्ही खोकलात," वत्सलाबाई म्हणाल्या.

खंडेरावांच्या घशात खरोखरचा खोकला आला, तो त्यांनी गिळला.

"तुम्ही विचारलंत, कोण आहे? ती बिचारी म्हणाली, 'अरे मी हाय, चतुरा. आक्का.' आणि तुम्ही काय म्हणालात? आत्ता जमायचं नाही, जा! वर चहा टाकायला सांगितलात. माझ्या या कानांनी ऐकलं. आम्ही तिला घरात बोलावत होतो, आली नाही. अंगणाच्या कडेला गेली, ताटातलं निरांजन लावलं, चंद्रकोर दिसत होती तिला ओवाळलं आणि निघून गेली."

ज्या बाईला भाऊ नसतो ती भाऊबीजेला चंद्राला ओवाळते. आक्कानं भावाच्या अंगणात उभं राहून, भावाचा आवाज ऐकून, चंद्राला ओवाळलं होतं.

"आणि सकाळी पुन्हा तेच," वत्सलाबाईंना अजून एक सांगायचं होतं. "खोकला, जा जा, चहा टाक. किती चहा लागतो हो तुम्हाला?"

चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ते असं. खंडेरावांनी पेटी बाहेर आणली, वत्सलाबाईंना सगळं उलगडून दाखवलं. त्यांनी तोंडावर हात ठेवला आणि हसू लागल्या, मग त्यांच्याच डोळ्यांत पाणी आलं. खंडेरावांना मात्र हसू आलं नाही. रात्रभर ते कूस बदलत होते. सात वर्षं त्यांनी मनात एकच गोष्ट जपली होती, की एक ना एक दिवस आक्का येईल, आपण दार उघडू, आणि काही न बोलता सगळं मिटेल. ती आली होती, आणि 'जा' म्हणणारा आवाज यांचा होता.

सकाळी उठून ते म्हणाले, "निफाडला जायचं. पेटी घेऊन. डोळ्यांनी बघितल्यावर कोण कशाला रागावेल?"

गोजराबाईंनी लाडू डब्यात भरले.

निफाडला आक्का ओसरीवर डाळ निवडत होती. यांना पाहिल्यावर तिनं सूप जरा जास्तच जोरात पाखडलं. सहादूदाजी मात्र खुशीत पुढे आले. दाजींना भांडणाचा कंटाळा होता आणि पाहुण्यांची आवड होती.

"आक्का," खंडेराव पेटी खाली ठेवत म्हणाले, "त्या दिवशी आम्ही घरातच नव्हतो. कळवणला होतो. हे सगळं या घड्याळानं केलं."

"घड्याळानं दार लावून घेतलं व्हय?"

"दार नाही. दिवा लावला. पंखा, आवाज, सगळं. थांब, दाखवतो."

वीज होती, हे विशेष. दाजींनी बोर्डापासून वायर ओढून दिली, दोन शेजारी आणि तीनचार पोरं जमली. खंडेरावांनी बोटानं काटा सहावर आणला. टक्. ओसरीतला दिवा लागला. पोरांनी टाळ्या वाजवल्या. काटा पुढे सरकवला, टेबलपंखा फिरू लागला. "आयला, लय भारी!" दाजी म्हणाले आणि मांडीवर थाप मारली. खंडेरावांना बऱ्याच वर्षांनी कारखान्यात असल्यासारखं वाटलं. त्याच भरात त्यांनी काटा साडेसहावर नेला.

पेटीनं खोकून विचारलं, "कोण आहे?" मग थांबली. मग भर दुपारी, आक्काच्या ओसरीत, आक्काच्या तोंडावर म्हणाली, "आत्ता जमायचं नाही. जा, जा!"

पोरं हसून लोळली. आक्का हसली नाही. तिच्या हातातली डाळ हातातच राहिली, आणि खंडेरावांनी घाईघाईनं वायर उपटली.

"ह्यो आवाज कोणाचा हाय?" आक्का म्हणाली.

"माझा. पण तो भरून ठेवलेला—"

"कोणी भरला?"

"मीच. पण चोरासाठी, आक्का!"

"चोर आला व्हता?"

"नाही."

"मंग कोण आलं व्हतं?"

एकतीस वर्षांत असं बटण खंडेरावांच्या हाताखालून गेलं नव्हतं.

"दारात कोण येतंय ते बघायच्या आदीच जा म्हनून ठिवलंस," आक्का म्हणाली. "मंग मी काय वेगळं ऐकलं?"

खंडेरावांनी खिशातून कळवणची तिकिटं काढली. आक्कानं पाहिलीसुद्धा नाहीत. मेव्हण्याला फोन लावू का म्हणाले. "तुजा मेव्हना तुजंच बोलनार," आक्का म्हणाली. "मला सगळं ठावं हाय. पडद्यामागं तुजे पाय दिसले व्हते."

खंडेराव उसळले. पडद्यामागे पाय! पडद्यामागे फक्त स्टूल होतं, आणि स्टूलवर पेटी! 'ते पाय स्टूलचे होते' हे वाक्य अगदी ओठांवर आलं. ते शंभर टक्के बरोबर होतं. त्यांनी गोजराबाईंकडे पाहिलं. गोजराबाई लाडवाचा डबा मांडीवर घेऊन बसल्या होत्या आणि डोळे मोठे करून नुसत्या मान हलवत होत्या, नका, नका.

दाजींनी पोरांना हाकललं. आक्का पुन्हा डाळ निवडू लागली, पण चांगले दाणेच बाहेर पडत होते. खंडेरावांना ते दिसलं. ही बाई साठी उलटल्यावर एकटी एसटीनं आली होती, फडक्यात ताट बांधून.

"होतो मी आत," खंडेराव म्हणाले.

गोजराबाईंच्या हातून डब्याचं झाकण पडलं.

आक्कानं मान वर केली नाही. "मंग उघडलं का न्हाईस दार?"

आता कारण हवं होतं, आणि खंडेरावांनी ते काही ठरवून आणलं नव्हतं.

"लाज वाटली," ते म्हणाले. "सात वर्षांनी कोणत्या तोंडानं उघडू? उघडलं असतं तर म्हणावं लागलं असतं की माझं चुकलं. मला ते म्हणता येत नाही, आक्का. तोंडच उघडत नाही."

हे थाप म्हणूनच बोलायला घेतलं होतं. पण त्यात खोटं होतं ते फक्त 'होतो मी आत' एवढंच. त्या संध्याकाळी ते खरंच घरात असते, दार वाजलं असतं, 'खंडू' अशी हाक आली असती, तर ते असेच पडद्यामागे उभे राहिले असते, पाय दिसतील असे. हे त्यांना आत्ता, या ओसरीवर कळलं. आक्काला तिथं पायरीवर उभं असतानाच कळलं होतं.

आक्कानं सूप बाजूला ठेवलं.

"म्हन मग," ती म्हणाली.

"काय?"

"येत न्हाई म्हनलास ते."

दाजी, गोजराबाई, दाराआडून डोकावणारी पोरं, सगळी बघत होती. खंडेरावांनी दोनदा तोंड उघडलं आणि दोनदा मिटलं.

"चुकलं," ते शेवटी म्हणाले, इतक्या हळू की दाजींना ऐकूच आलं नाही. आक्काला आलं. ती पदरानं तोंड पुसत उठली, आत गेली, आणि आतून म्हणाली, "टोपी घाल डोक्यावर. आन् पाट घे, भिताडापासून जरा पुढं सरकून बस."