नववं प्रकरण

सुगंधा प्रभू बुडापेस्टमध्ये तीन वर्षं होती, शिष्यवृत्तीवर, पंच्याऐंशी ते अठ्ठ्याऐंशी. आता निवृत्त होऊन मालवणात, धाकट्या बहिणीकडे, किशोरीकडे राहते. गेल्या वर्षी तिच्या तिथल्या घरमालकिणीच्या, इलोनाबाईंच्या मुलाने, गाबोरने, आपली कादंबरी पाठवली. ‘मराठीत आणाल?’ एवढीच चिठ्ठी. बाई जाऊन पंधरा वर्षं झाली होती.

कादंबरी मधे चौक असलेल्या एका जुन्या इमारतीची होती. सरकार बदललं की बाहेर रस्त्याच्या नावाची पाटी बदलते, आणि आत बायका गॅलरीत सतरंज्या झटकत कोणाकडे कोण आलं ते बघतात. नाताळच्या आधी संत्र्यांसाठी रांग लागते. सुगंधाला सगळं ओळखीचं वाटे. ती मजेत आठ प्रकरणं करून गेली.

नवव्यात तिसऱ्या मजल्यावर एक परदेशी मुलगी राहायला आली. दर सोमवारी घरमालकीण गुप्त पोलिसांना तिच्याबद्दल अहवाल देत असे.

‘पार्सल आले. आत काळी, आंबट, सुकवलेली साले. स्वयंपाकासाठी असल्याचे सांगते.’

सुगंधाचा हात थांबला. ती कोकमाची सोलं तिच्याच आईने मालवणाहून पाठवली होती. इलोनाबाईंनी वास घेऊन तोंड वाकडं केलं होतं आणि दोघी हसल्या होत्या.

पुढची नोंद मार्चची होती. ‘वडील वारल्याची तार. घरी जाऊ देत नाहीत म्हणून अधिकाऱ्यांबद्दल अपशब्द काढले.’

त्या रात्री ती बाईंच्या मांडीवर डोकं ठेवून रडली होती. खोलीत तिसरं कोणी नव्हतं.

“काय झाला गो ताई?” किशोरी आतून धावत आली. सुगंधाने नुसतं पान पुढे केलं, मग लक्षात आलं, किशोरीला हंगेरियन वाचता येत नाही. तिने वाचून मराठीत सांगितलं.

दुपारी तिने गाबोरला फोन लावला.

“हे खरं आहे?”

तो म्हणाला, “आई गेल्यावर पोलिसांकडची फाईल मिळाली. तुम्हाला सांगायचं धाडस झालं नाही. म्हणून पुस्तक पाठवलं.”

“का केलं त्यांनी?”

“मला विद्यापीठात जागा हवी होती.”

“मिळाली?”

“मिळाली.”

सुगंधाने फोन ठेवला. आठवडाभर वही उघडली नाही. इलोनाबाईंनी विणून दिलेला स्वेटर तिने कपाटातून काढला, हातात धरून बसली, आणि परत ठेवला. फेकवेना.

“सोडून दी,” किशोरी म्हणाली. “नायतर ह्या प्रकरण गाळ.”

“गाळलंय तर मग उरला काय?”

तिने एकही ओळ गाळली नाही. मराठी पुस्तक निघालं तेव्हा गावच्या वाचनालयातल्या कार्यक्रमात तिने नववं प्रकरणच वाचलं. पार्सलच्या ओळीवर लोक हसले, तारेच्या ओळीवर गप्प झाले. ती मुलगी कोण, हे तिने वाचून झाल्यावर सांगितलं.

मागच्या रांगेतून शेजारच्या नर्मदाकाकूंनी विचारलं, “मगे तू तिका माफ केलंस?”

सुगंधाने पुस्तक मिटलं.

“माका अजून कळूक नाय,” ती म्हणाली.