पांढऱ्या झाकणाची कुपी

"मावशी, परत एकदा बघा ना. पांढऱ्या झाकणाची एखादी तरी राहिली असेल."

"नाही हो डॉक्टर, संपल्या," मावशी म्हणाल्या आणि फ्रीजरला पाठ लावून उभ्या राहिल्या. त्याची घरघर त्यांच्या मणक्यातून चढत होती.

कपाटाएवढ्या त्या फ्रीजरमध्ये माणसांची पोटं साठवलीत, असं मावशींचे यजमान म्हणत. ते अगदीच खोटं नव्हतं. आपल्या आतड्यात डोळ्यांना न दिसणारे असंख्य जिवाणू राहतात. ते अन्न पचवायला हातभार लावतात आणि शरीराच्या पहारेकऱ्यांना शत्रू ओळखायलाही शिकवतात. कॅन्सरचं एक औषध याच पहारेकऱ्यांना कामाला लावतं. पण पोटातली वस्ती बिघडलेली असली, तर कधीकधी ते औषध लागूच पडत नाही. म्हणून या इस्पितळात निरोगी माणसांची विष्ठा तपासून, गाळून कुप्यांत गोठवत आणि रोग्यांच्या आतड्यात सोडून बघत.

यजमान गवंडी. दगड पचवणारा माणूस. "आमच्या घाणीलाही मान मिळाला बघ," म्हणत हसत हसत आपलाही डबा तपासणीला देऊन जायचे. एका दुपारी ते परांचीवरून पडले आणि गेले.

कुप्या मात्र राहिल्या. कुणाची कुठली, हे डॉक्टरला कळत नसे. तिच्यापुढे नुसते झाकणांचे रंग. पांढरं कुणाचं, हे मावशींना ठाऊक होतं. "आतले मेलेले नसतात मावशी, झोपलेले असतात," असं ती एकदा सहज बोलून गेली आणि मावशींचं चित्त थाऱ्यावर राहिलं नाही. जुनी कुपी आधी काढायची, हा तिथला नियम. मावशी मात्र पांढऱ्या झाकणाची एक कुपी दर वेळी मागे सारत. खोलीत कुणी नसलं की दार किंचित उघडत. गार वाफ जमिनीवरून सरपटत येई, घोट्यांशी घुटमळे.

"आलात?" मावशी विचारत.

"दुसऱ्या कुणाची नाही का चालणार?" त्यांनी आता विचारलं.

"चालली असती तर तुमच्या मागे लागले असते का? वॉर्डातल्या त्या शिवणाच्या बाईंना निळ्या झाकणाची दिली, काही फरक नाही. पांढरीने गाठ कमी व्हायला लागली. अजून एकदा दिली तर..." डॉक्टर थांबली. "खात्री नाही देत. पण त्यांच्याकडे वेळ नाही, मावशी."

मावशी खाली बसल्या. तळाच्या खणात, बर्फाच्या थरामागे हात घातला.

"मागे गेली होती," त्या म्हणाल्या.

डॉक्टरने कुपीवरचा जाड बर्फ पाहिला, मावशींकडे पाहिलं आणि ती कोमट पाणी आणायला वळली.

कोमट पाण्यात धरलेली कुपी हळूहळू सैल पडत गेली. एक बुडबुडा तळातून सुटला, वर आला, काचेला टेकून थांबला. मावशींनी काचेवरचं बोट मागे घेतलं.

दुपारी शिवणाच्या बाई उजव्या कुशीवर निजल्या होत्या. कुपीतलं औषध आत गेलं होतं.

"मावशी, हसू नका हं. आत कुणीतरी पाय पसरून बसल्यासारखं वाटतंय."

"बसू द्या. दमलं असेल."

"तुमचं आपलं काहीतरीच."

मावशींनी चादर वर ओढली, पोटावरची चुणी हाताने सारखी केली. हात तिथेच क्षणभर राहिला.

"सांभाळून राहा," त्या हळूच म्हणाल्या.

"राहीन हो," बाई म्हणाल्या आणि त्यांनी डोळे मिटले.