हिकरीतला गज

ठासणीच्या बंदुकांनी हरणं मारायचा जानेवारीतला हंगाम तोंडावर आला होता, म्हणून मी ग्रेडीच्या दुकानात नवी बंदूक घ्यायला गेले. धाकटा भाऊ डेल्बर्ट न बोलावता सोबत आला. ग्रेडीने दुर्बीण लावलेली नव्या धाटणीची ठासणीची बंदूक काउंटरवर ठेवली, तसा डेल्बर्ट फिसकन हसला.

"लोर्नाताई, हे खेळणं आहे. बाबांची चकमकीची बंदूक असताना हे कशाला?"

"ती बाबा गेले त्याच दिवशी तू उचलून नेलीस. मला विचारलंस?"

"तुला तिचं वजन पेललं नसतं गं."

ग्रेडी मान खाली घालून काउंटर पुसायला लागला. गेल्या हंगामात काय झालं ते त्यालाही माहीत होतं. डेल्बर्टने त्या बंदुकीत दारू भरली, गजाने गोळी ठासली, आणि समोर हरिण बघून घाईत गज नळीतून काढायलाच विसरला. चाप ओढल्यावर गज सुसाट सुटला आणि माझ्या शेताच्या कडेच्या हिकरीच्या झाडात रुतला. हरिण सावकाश निघून गेलं.

"हीच दे," मी ग्रेडीला म्हटलं. "साफ करताना मागचा पेच काढला की नळी आरपार दिसते. आत काही विसरलंय का ते कळतं."

डेल्बर्ट तरातरा गाडीत जाऊन बसला.

हंगामाच्या पहिल्याच सकाळी मी हरिण पाडलं आणि ते ओढून न्यायला मुद्दाम त्यालाच बोलावलं. तो आला तेव्हा मी बाह्या सरसावून हरिण साफ करायच्या कामाला लागले होते. माझा कोट हिकरीत रुतून राहिलेल्या त्याच्या गजावर टांगलेला होता.