शुक्रवारी उघडणारा खण

मी खण बोलतोय. पुठ्ठ्याची खोकी बनवणाऱ्या कारखान्याच्या ऑफिसात मोठं टेबल आहे, त्याचा उजवीकडचा वरचा खण.

जुने साहेब होते तेव्हा माझा थाट होता. समोर कोणी येऊन बसलं, की ते आपला मोबाइल माझ्यात टाकायचे, मला बंद करायचे आणि म्हणायचे, "हं, बोला आता." मग तो माझ्या पोटात कितीही थरथरला, तरी साहेब समोरच्यावरून नजर हलवायचे नाहीत. गुदगुल्या मात्र मला व्हायच्या.

नंतर मॅडम आल्या. बाई कामाच्या, मनाने चांगल्या. पण दाराशी सतत कोणी ना कोणी, हातातलं एक काम धड पुरं होईना. कुठल्याशा दोन दिवसांच्या प्रशिक्षणाला जाऊन आल्या आणि नवा नियम निघाला. ज्याला जे सांगायचंय त्याने चिठ्ठीत लिहायचं, चिठ्ठी खणात टाकायची, मॅडम शुक्रवारी चार वाजता सगळ्या एकदम वाचणार. दोन शुक्रवार वाचल्याही. तिसऱ्या शुक्रवारी चारला मुख्य ऑफिसची बैठक लागली. ती आता दर शुक्रवारी असते.

कटिंग मशीनवर एक काकू काम करतात. त्यांच्या पहिल्या चिठ्ठीला महिना झाला. 'पात्यासमोरची जाळी सैल झाली आहे. मधेच वर उचलली जाते.' दुसऱ्या चिठ्ठीत अक्षर मोठं होतं. तिसरी टाकायला आल्या, तेव्हा त्या थांबल्या.

"मॅडम, दोनच मिनिटं. त्या जाळीचं..."

"काकू, चिठ्ठी टाकलीत ना?"

"तीन टाकल्या."

"मग झालं तर! शुक्रवारी शांतपणे वाचते."

काकूंनी मला बंद केलं. माझ्या मुठीवरची त्यांची बोटं मी पाहिली. मला फार भीती वाटली.

खणाला येऊन येऊन काय येणार? मी अडून बसलो. काल मॅडमनी पेन काढायला ओढलं, तर अर्ध्यावरच अडकलो. काकूंची चिठ्ठी सगळ्यात वर होती. मॅडम वाकल्या. वाचा हो, एवढी एकच वाचा, असं मी जीव तोडून म्हणत होतो.

"काय कटकट आहे!" असं म्हणून त्यांनी सुताराला फोन लावला.

सुतार आज सकाळी आला. चिठ्ठ्या बाहेर काढताना वरची वाचून म्हणाला, "मॅडम, हे कसल्यातरी जाळीचं लिहिलंय."

"हो हो. सगळ्या तशाच परत ठेवा, क्रम बिघडवू नका."

त्याने माझ्या कडांवर रंधा फिरवला, मेण चोळलं. आता मी एका बोटानेही बंद होतो.

तुमच्यापैकी कोणाच्या टेबलाला असा खण असेल, तर मला हात नसले तरी हात जोडून सांगतो. त्यात फोन टाका, माणसं टाकू नका.

आज बुधवार आहे. भिंतीपलीकडे मशीन चालू आहे, आणि मशीनवर काकू आहेत.