उलटा चुट्टा

"हे कुणाचं?" पोलम्मानं विचारलं.

डॉक्टरीणबाईंनी मोबाइल तिच्या आणखी जवळ धरला. "तुमचंच. आत्ता फोटो काढला ना? ही तुमची टाळू."

पोलम्मानं डोळे बारीक केले. पडद्यावर जे दिसत होतं ते माणसाचं असेल असं तिला वाटेना. पांढरट, निबर, भेगाळलेलं काहीतरी, मधेमधे लाल ठिपके, कडेनं राखेचा काळा थर. भरतीबरोबर किनाऱ्याला लागून उन्हात फुगलेल्या मेल्या कासवाचं पोट असं दिसतं.

"चुट्टा कधीपासून ओढताय?"

"न्हाण आलं तेव्हापासून. आईनंच दिला. दाढ दुखत होती."

"आणि जळतं टोक तोंडात का धरता? बाहेर का नाही?"

मागच्या रांगेतल्या बायका खिदळल्या. शाळेच्या त्या वर्गात तपासणीला गावातल्या झाडून साऱ्या बायका आल्या होत्या. आत येण्याआधी प्रत्येकीनं आपला चुट्टा, तंबाखूच्या पानाची ती जाड विडी, विझवून कानामागे खोचला होता.

"बाहेर धरला तर समुद्राच्या वाऱ्यानं विझतो," पोलम्मा म्हणाली. "आणि बाप्यांसारखा भकाभका धूर सोडत गावातून फिरू होय?"

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. त्यांनी टाळूचा कणभर तुकडा तपासायला घेतला. पुढच्या खेपेला आल्या तेव्हा म्हणाल्या, "अजून काही वाईट नाही. आत्ता सोडलात तर हे सगळं हळूहळू उतरेल. नाही सोडलात तर इथं भोक पडेल. जेवाल ते नाकातून येईल."

पण पोलम्माच्या मनात रुतून बसलं ते हे बोलणं नव्हे. पहिल्या दिवशी तिच्या तोंडातून लाकडी पट्टी काढल्यावर त्या डॉक्टर पोरीनं मान वळवून खिडकीकडे तोंड केलं होतं आणि दम धरलेला माणूस घेतो तसा श्वास घेतला होता. पोलम्मानं जन्मभर मासळीची आतडी काढली. कधी तोंड वाकडं केलं नाही. तिच्याकडे बघून कुणी तोंड फिरवलं ते मात्र पहिल्यांदाच.

त्या दिवशी रांगेत तिच्यामागे अप्पायम्मा होती. ती तपासायला थांबलीच नाही. "मला नाही बाई कुणाला दाखवायचं. नवऱ्याला तोंड दाखवलं तेवढं पुरे," म्हणत, कानामागचा चुट्टा काढत बाहेर पडली.

अप्पायम्मा पोलम्मापेक्षा थोडी मोठी. दोघी एकाच गावच्या, लग्न होऊन इथं आल्या त्याही मागेपुढे. दोघींचे नवरे एकाच होडीवर जायचे आणि एकाच तुफानात गेले. होड्यांची वाट बघत दोघी वाळूत बसायच्या आणि एकच चुट्टा दोघींत फिरायचा. एकीच्या तोंडातून निघाला की दुसरीच्या तोंडात. पोलम्मा तिला अक्का म्हणे.

दुसऱ्यांदा डॉक्टरीणबाई येऊन गेल्या त्याच दिवशी पोलम्मानं घरातली तंबाखूच्या पानांची पेंढी उचलली आणि खुराड्यामागच्या उकिरड्यावर नेऊन टाकली. तिची सून मंगा पोराला कडेवर घेऊन बघत होती. मुलगा तिकडे गुजरातेत ट्रॉलरवर होता, घरात या दोघीच.

"खरंच सोडणार, अत्तम्मा?"

"नाही, कोंबड्यांना शिकवणार आहे ओढायला."

मंगा हसली. पोलम्माला मात्र त्यानंतर हसू आलं नाही. दुसऱ्या दिवशी डोकं फुटायला लागलं. सकाळी चुट्टा तोंडात गेल्याशिवाय तिचं पोट साफ होत नसे. ते दगडासारखं झालं. तोंडात तिनं लवंग धरली, चिंचोके धरले, गूळ धरला. जीभ सारखी टाळूला जाऊन चाचपायची. तिथं आता तिला ते कासवाचं पोट लागायचं. जीभ मागे यायची आणि पुन्हा तिकडेच जायची.

एका दुपारी मंगा नळावर गेलेली. पोलम्मा उठली ती सरळ खुराड्यामागे गेली. गुडघ्यांवर बसून तिनं उकिरडा दोन्ही हातांनी उपसला. माशांची खवलं, सडकी भाजी, पोराची घाण. पेंढी खाली ओली होऊन कुजली होती. वरची दोनचार पानं बरी होती, पण त्यांच्यावर कोंबड्यांची शिट वाळलेली. तिनं ती नखानं खरवडली, पान पदराला पुसलं, वळलं, पेटवलं. जळतं टोक आत घ्यायला तोंड उघडलं आणि समोर मंगा उभी.

मंगानं कडेवरच्या पोराचं तोंड आपल्या खांद्याकडे वळवलं आणि घरात गेली.

तिनं चार शिव्या दिल्या असत्या तर पोलम्माला परवडलं असतं. आपल्या नखांत काय अडकलंय ते तिनं बघितलं. चुट्टा पायाखाली चिरडला, तांब्याभर मिठाचं पाणी प्यायली आणि खुराड्याला टेकून ओकली.

त्यानंतर कधीतरी नाक उघडलं.

हे कुणी सांगितलं नव्हतं. एका पहाटे ती उशीच्या वासानं जागी झाली. कुजकट, आंबट, राखेचा वास. कुणीतरी मेलंय की काय, असं वाटून उठून बसली, तर तो वास तिच्याच केसांचा होता. उशी उन्हात टाकली, लुगडी सोड्यात उकळली, डोकं शिकेकाईनं घासलं. वास गेला असं वाटायचं आणि भिंतीतून, चटईतून, दाराच्या चौकटीतून पुन्हा बाहेर यायचा. इतकी वर्षं आपण यात राहिलो? या तोंडानं आपण लेकराचे मुके घेतले? मंगाच्या मनात काय काय आलं असेल या विचारानं ती दिवसभर सुनेच्या डोळ्याला डोळा देईना.

मग मासळी. सुक्या वाकट्यांची पाटी घेऊन भीमिलीच्या बसमध्ये चढली तर तिला स्वतःच्या पाटीचा वास सोसेना. पदर नाकाला लावून बसली. शेजारचा म्हातारा मोठ्यानं म्हणाला, "ही बघा! स्वतःच्या मालाला नाक मुरडणारी कोळीण आज बघितली!" सगळी बस हसली. पोलम्मानं पदर काढला नाही.

आणि चुट्ट्याची तहान काही गेली नव्हती. हीच तर किळस होती. वासानं मळमळायचं आणि त्याच वासानं तोंडाला पाणी सुटायचं.

होड्यांची वाट बघताना ती आता अप्पायम्माच्या वाऱ्याकडच्या बाजूला बसू लागली. अप्पायम्मा गालात निखारा घोळवत, ओठ मिटून बोलायची, मधेच राख गिळायची.

"सरक ना जवळ. खाते काय मी तुला?"

"इथं बरं आहे, अक्का."

"नाक आलंय बाई हिला! इतकी वर्षं नव्हतं, आता आलंय." तिनं तोंडातला चुट्टा काढला, थुंकीनं ओला, आणि पुढे केला. "घे. एकच झुरका. डॉक्टरीण काय झाडामागून बघत नाही."

पोलम्मा नको म्हणायला वळली आणि वारा पडला. अप्पायम्माचा श्वास सरळ तिच्या तोंडावर आला. तंबाखूच्या खाली दुसराच वास होता. मीठ आतपर्यंत न पोचलेला मोठा मासा वरून चांगला वाळलेला दिसतो आणि कापला की आतून जसा येतो, तसा.

"अक्का, तोंड उघड."

"का?"

"उघड म्हणते ना. आत सडलंय तुझ्या काहीतरी."

अप्पायम्माचा आवाज चढला, बाकीच्या बायकांनी माना वळवल्या. "चार दिवस चुट्टा टाकला तर माझ्या तोंडाला घाण म्हणतेस? माझ्या तोंडातला काढून ओढलायस तू, सटवे! माझी थुंकी गिळलीयस!"

"गिळलीय. म्हणूनच सांगते. भीमिलीच्या दवाखान्यात चल माझ्याबरोबर. आज चल."

"तूच जा. साबण लाव जिभेला." तिनं चुट्टा परत तोंडात घातला आणि पदर झटकून, दुसऱ्या बायकांत जाऊन बसली.

त्यानंतर अप्पायम्मा तिच्याशी बोलली नाही. पोलम्मानं अप्पायम्माच्या मुलीला, कासुलूला, गाठून सांगितलं. कासुलूनं आईला विचारलं आणि कासुलूलाही शिव्या बसल्या. वासाबद्दल पोलम्मानं पुन्हा कुणाला काही सांगितलं नाही.

थंडी सरता सरता कासुलू एक दिवस पळत आली. आईच्या नाकातून अंबील आली होती. विशाखपट्टणच्या मोठ्या दवाखान्यात टाळूचा बराच भाग काढावा लागला आणि तिथं बसवायला प्लॅस्टिकची पट्टी दिली. पण आजार गालात शिरून वर डोळ्याकडे चढला होता. घरी घेऊन जा, खायला घाला, दुखणं कमी व्हायची औषधं द्या, असं सांगून डॉक्टरांनी पाठवलं.

पोलम्मा गेली. दारातच पाय अडखळला. झोपडीतला वास अंगावर आला आणि तिला वाटलं, आपलं जुनं नाक परत मिळालं तर बरं. अप्पायम्माचा एक डोळा बाहेर ढकलल्यासारखा दिसत होता. ती भिंतीला टेकून बसली होती.

"आलीस?" आवाज सगळा नाकात. "बघ. खरं बोललीस. आता खूश?"

"सरक," पोलम्मा म्हणाली आणि जवळ बसली.

कासुलूला मासळीला जावं लागे. दुपारचं पोलम्माकडे आलं. पट्टी काढायची, तिच्यात अडकलेली भाताची शितं, चिकट पू, रक्ताचे धागे कोमट पाण्यानं धुवायचे, मग अंबील भरवायची. पहिल्यांदा पट्टी हातात आली तेव्हा तिनं दात आवळले, पण तोंड फिरवलं नाही. अप्पायम्मा उरलेल्या डोळ्यानं तिचं तोंड बघत होती.

"ओकायचं तर बाहेर जा."

"नाही ओकत."

असे बरेच दिवस गेले. एका दुपारी अप्पायम्मानं चटईखाली हात घातला आणि चुट्टा काढला. कुठून मिळवला कोण जाणे.

"मला ओढता येत नाही. हवा कुठूनही निसटते. तू ओढ."

"वेड लागलंय तुला?"

"मरतेय मी. वेडी नाही. मला नुसतं बघू दे. तुझ्या जवळ बसू दे. पूर्वीसारखं." ती थांबली, दम खाल्ला. "आणखी काय मागितलं गं तुझ्याकडे मी कधी?"

पोलम्मानं काडी ओढली. चुट्टा हातात धरून धूर तिच्याकडे वळवला.

"बाप्यासारखा धरू नकोस. आत घे."

पोलम्मानं टोक उलटं करून तोंडात घेतलं.

जिभेनं आपली जागा बरोबर शोधली. ऊब टाळूला लागली, धूर नाकामागे चढला, मानेतली, पाठीतली, मांड्यांतली एकेक गाठ सुटत गेली. झोपडीतला सडका वास गेला. अप्पायम्मानं तिच्या खांद्यावर डोकं टेकलं.

"कसाय?"

"चांगलाय," पोलम्मा म्हणाली, आणि ते खरं होतं. समोर पाण्याचा पेला होता, पेल्यात ती काढलेली पट्टी होती, पट्टीवर रक्ताचा धागा होता, आणि तरी चांगला होता. शेवटचा झुरका होईपर्यंत तिनं तो ओढला. ओठ पोळले तरी सोडला नाही.

घरी आली तर पोर हात पसरून धावत आलं. "जवळ येऊ नको!" ती एवढ्यांदा ओरडली की पोर रडायलाच लागलं. मोरीत बसून तिनं मिठानं तोंड घासलं, हिरड्यांतून रक्त येईपर्यंत. मंगानं बाहेरून पाण्याची बादली आत सरकवली.

दुसऱ्या दिवशी दुपार व्हायच्या आधीच ती निघाली. विहिरीपाशी आली तेव्हा तिच्या लक्षात आलं की आपण जवळजवळ पळतोय. अक्का भुकेली असेल म्हणून नव्हे. चटईखाली आणखी एखादा असेल म्हणून. आपल्या पायांची अशी किळस तिला कधी आली नव्हती. ती विहिरीच्या काठावर बसून राहिली आणि मग घरी परतली. त्यापुढचे काही दिवसही गेली नाही.

शेवटी कासुलू आली. पोलम्माला ती पिन्नी, म्हणजे मावशी, म्हणे. "पिन्नी, आई वाट बघते. पट्टीला मला हात लावू देत नाही."

पोलम्मा गेली. दारातच उभी राहून म्हणाली, "अक्का, मी ओढणार नाही. आज नाही, उद्या नाही."

"मग कशाला आलीस?"

"पट्टी धुवायला."

 पोलम्मा जवळ बसली तेव्हा अप्पायम्मानं नाक तिच्या पदराजवळ नेलं, हुंगलं आणि मान मागे घेतली. "साबणाचा वास येतो तुला. परक्या बाईसारखा."

पोलम्मानं पाणी कोमट केलं. अप्पायम्मानं भिंतीकडे बघतच तोंड उघडलं. त्या दिवसापासून ती रोज असंच करायची. पोलम्मा रोज जायची, काम करायची; दोघी बोलायच्या नाहीत. शेवटी शेवटी अप्पायम्मा तिच्या मनगटाला धरून ठेवायची, पण बघायची भिंतीकडेच.

उन्हाळ्यात मासेमारी बंद असते तेव्हा अप्पायम्मा गेली. होड्या वर वाळूत ओढून ठेवलेल्या होत्या, त्यामुळे सगळं गाव घरीच होतं. बायकांनी तिला हळद लावली, नवं लुगडं नेसवलं. गेलेल्या माणसाबरोबर त्याच्या आवडीचं द्यायचं म्हणून कुणी ताडी आणली, कुणी विडा.

"चुट्टा द्यायला हवा," एक म्हातारी म्हणाली. "त्याच्याशिवाय ती जायची नाही."

"पोलम्मा वळेल. तिच्या हातचाच तिला आवडायचा."

पानं पुढे आली. बायका सरकल्या, पोलम्मासाठी जागा झाली. तिनं मांडीवर पान पसरलं, शीर काढली, आत चुरा भरला. बोटं काही विसरली नव्हती. पान घट्ट वळत गेलं, सरळ, एकसारखं. शेवटची कड चिकटवायला जीभ फिरवायची असते. तिनं ते ओठांशी नेलं.

तिथं ते थांबलं.

"कासुलू," ती म्हणाली, "वाटीत थोडं पाणी आण गं."