चिंचेनं लखलखलेली नळी

मला पाहिलंत तर तुम्हाला वाटेल, कुणाच्या तरी एसीचा एखादा भाग निखळून पडला आहे. तसं नाही, मित्रांनो. मी तांब्याची एक जुनी नळी आहे, गोल गोल वेटोळी घातलेली. उकळतं पातेलं झटपट गार करायचं, एवढंच माझं काम. मला पातेल्यात बुडवतात आणि माझ्या एका तोंडातून गार पाणी सोडतात. ते माझ्या पोटातून फिरतं, पातेल्यातली उष्णता गोळा करतं आणि दुसऱ्या तोंडातून कढत होऊन बाहेर पडतं.

माझा जन्म पुण्याचा. रणजित नावाच्या एका हौशी माणसानं मला डब्याभोवती गुंडाळून वळवलं आणि वेटोळी सुटू नयेत म्हणून तारेनं बांधलं. तो घरच्या घरी बिअर करायचा. तुम्ही अजून लहान आहात, तेव्हा त्या विषयात आपण खोल शिरणार नाही. पण त्याची एक शिस्त मला फार आवडायची. जवाचं गोड पाणी उकळून झालं की त्यात जंतू शिरायला टपलेलेच असतात. ते माझ्याच अंगावरून शिरले तर काय उपयोग? म्हणून गॅस बंद करण्याआधी पाव तास तो मला त्या उकळत्या पातेल्यात सोडून द्यायचा. पहिल्यांदा मी घाबरले होते. मग कळलं, ही माझी आंघोळ आहे.

रणजितचा मित्र विजय. त्याला सौदीत, दम्मामच्या एका इस्पितळातल्या प्रयोगशाळेत नोकरी लागली, तेव्हा रणजितनं मला त्याच्या हवाली केलं. बॅग भरताना विजयच्या बायकोनं, क्षमानं, कपाळाला हात लावला.

"विजय, जिथे दारूचा थेंब चालत नाही, तिथे ही नळी कशाला नेतोयस?"

"दारू कोण करतंय? जवाचं माल्ट करीन. तिकडे सगळे आवडीनं पितात."

आणि खरंच त्यानं तसं केलं. मोड आणून भाजलेले जव तो उकळायचा, पाणी गाळायचा, पुन्हा उकळायचा. माझी आंघोळ तेव्हाच व्हायची. दम्मामचा उन्हाळा असा, की नळाला येणारं पाणीच निम्मं तापलेलं. मग विजय बादलीत बर्फ टाकायचा आणि कूलरच्या छोट्या पंपानं ते पाणी माझ्यातून फिरवायचा. गार झालेलं माल्ट बाटल्यांत भरून थेट फ्रिजमध्ये ठेवायचा आणि आंबायच्या आत संपवायचा.

खालच्या मजल्यावर मोहियुद्दीनचाचा राहायचे. मूळचे रत्नागिरीकडचे, एसीच्या सुट्या भागांचं दुकान चालवणारे. पहिला पेला हातात घेताना त्यांनी आधी तो नाकाशी नेला होता.

"विजू, यात चढणारा काय नाय ना?"

"शब्द देतो, चाचा. आंबलेलं काही तुमच्या घरात येणार नाही."

तेव्हापासून रमजान आला की विजयच्या बाटल्या चाचांच्या इफ्तारला जाऊ लागल्या. खैरुन्निसाचाची पहिला पेला भरून विजयसाठी बाजूला ठेवायच्या. परक्या मुलखात त्याला एक घर मिळालं होतं, आणि त्या घराला माझा थोडासा हातभार होता, याचा मला अभिमान वाटायचा.

एका वर्षी रमजानचे शेवटचे दिवस आणि आपला पाडवा लागून आले. क्षमा हॉलच्या कोपऱ्यात छोटीशी गुढी उभारायची. त्यासाठी ती चिंच आणि मीठ लावून तांब्या घासायला बसली. शेजारीच मी होते. "हिचीही सणाची आंघोळ होऊन जाऊ दे," असं म्हणत तिनं मलाही चिंच लावली. काय सांगू, मित्रांनो! मी नव्या नवरीसारखी उजळले. क्षमानं मला नळाखाली धुतलं, पण जिथे तार बांधली होती तिथे वेटोळ्यांच्या सांदीत चिंचेचे दोरे अडकून राहिले. ते मला टोचत होते. मी सांगणार कशी?

त्याच संध्याकाळी विजयनं माल्ट उकळलं. मला घालणार, तोच इस्पितळातून फोन आला. बोलता बोलता त्यानं गॅस बंद केला आणि फोन लांबला. परत आला तेव्हा पातेलं कोमट झालं होतं. ते पुन्हा उकळायला हवं होतं. पण त्याची नजर माझ्यावर गेली.

"आज तर आरशासारखी झाली आहे," तो म्हणाला आणि त्यानं मला तशीच बुडवली.

दिवसभर प्रयोगशाळेत काचेची नळीन् नळी निर्जंतुक करणारा हा माणूस माझ्या चकाकीला भुलला! त्यात फ्रिजमध्ये श्रीखंडाच्या चक्क्यानं जागा अडवलेली. बाटल्या दोन दिवस ओट्यावरच राहिल्या.

इफ्तारला चाचांचे कफील, म्हणजे सरकारदरबारी त्यांची हमी घेणारे तिथले शेखसाहेब, येणार होते. चाचांचा इकामा, म्हणजे तिथे राहण्याचा परवाना, त्यांच्या नावावर; दुकानही त्यांच्याच मर्जीवर. चाचांनी मुद्दाम निरोप पाठवला, "ती नळीपण आण. शेखसाहेबांना दाखवू, आमचा विजू माल्ट कसा बनवतो." म्हणून मीही त्या दिवशी खजुरांच्या तबकाशेजारी मिरवत होते. शेखसाहेबांनी मला उचलून पाहिलं आणि "माशाअल्लाह" म्हणाले. तेवढ्यात चाचींनी पेले मांडले, विजयनं बाटलीचं झाकण फिरवलं आणि फस्सकन फेस वर आला.

शेखसाहेब हसले. दुकानातल्या माल्टलाही फेस असतोच. कुणालाच काही वाटलं नाही. पेले भरता भरता विजयला मात्र वास आला. पुण्यातला, रणजितच्या घरातला वास. त्याचा चेहरा उतरला. बांग व्हायला थोडाच वेळ होता. तो गप्प बसला असता तर कुणाला काही कळलं नसतं. आणि बोलला तर कफीलांसमोर चाचांची काय गत होणार होती, त्याची स्वतःची तरी काय होणार होती? भीतीनं माझंही तांबं गारठलं.

विजय खाली वाकला आणि मराठीत हळूच म्हणाला, "चाचा, हे आंबलंय. कुणालाही पिऊ देऊ नका."

चाचांनी त्याच्याकडे एकदाच पाहिलं. मग बाटली हातात घेतली आणि अरबीत मोठ्यानं सांगितलं, हे खराब झालंय, खलास. त्यांनी स्वतः पेले उचलून मोरीत रिकामे केले. पाठोपाठ बांग झाली. सगळ्यांनी खजूर आणि पाण्यावर रोजा सोडला.

घरी आल्यावर क्षमा रडली. "मीच चिंच लावली," ती म्हणत राहिली.

"तुझं काय चुकलं? उकळायचं काम माझं होतं," विजय म्हणाला. त्यानं मला बाल्कनीत वॉशिंग मशीनच्या मागे टाकलं. वाळूची वादळं आली, गेली. माझ्या अंगावर हिरवा कळंक चढला. विजय शरमेनं खालच्या मजल्याचा जिना भराभर उतरायचा, चाचांच्या दारावरची बेल काही वाजवायचा नाही. मला माझ्या गंजण्याचं दुःख नव्हतं. माझ्यामुळे त्याचं ते घर तुटलं, याचं होतं.

पुढच्या रमजानच्या तोंडावर चाचाच वर आले. खांद्यावर जवाची पिशवी.

"नळी कुठं हाय?"

"चाचा, आता नको ते. मी शब्द मोडला."

"शब्द मोडायच्या आधी तू तोंड उघडलंस ना? भरल्या घरात, माझ्या कफीलसमोर! गप्प राहिला असतास आणि मला मागून कळलं असतं, तर तुझ्या घरचा पाणीसुद्धा प्यालो नसतो. यल्ला, गॅस पेटव."

विजयनं माझी तार सोडली, व्हिनेगरनं माझी सांदन् सांद साफ केली, धुतलं आणि मला खळखळत्या पातेल्यात सोडलं. चाचा स्टूल ओढून ओट्याशी बसून राहिले. ती आंघोळ मी जन्मात विसरणार नाही.

मित्रांनो, माझ्यासारख्या वस्तू तुमच्याही घरात असतील. त्यांना चमकवा, मला राग नाही. पण ज्यातून दुसऱ्याच्या ओठांना काही लागणार आहे, ते नुसतं चमकतंय म्हणून हातात घेऊ नका. आळस न करता पुन्हा गॅस पेटवा. आणि चुकलातच, तर पेला समोरच्याच्या ओठांना लागायच्या आत सांगा.

पहिल्या रोजाच्या संध्याकाळी बांग झाली. विजयनं पेला पुढे केला. चाचांनी तो घेतला, नाकाशी न नेता थेट ओठाला लावला आणि रिकामा करून पुन्हा पुढे केला.